प्रोजेक्टर अर्धा, खोली अर्धी

प्रोजेक्टरमधून फक्त प्रकाश बाहेर पडतो. लाल, हिरवा, निळा, आणि तिन्ही एकत्र आले की पांढरा. काळा प्रकाश मात्र जगात कुठेच नसतो. मग पडद्यावर ठळक काळी अक्षरं दिसतात ती येतात कुठून?

जिथे अक्षर आहे तिथे प्रोजेक्टर काहीच टाकत नाही, एवढंच त्यामागचं गुपित. तेवढी जागा जशी आहे तशीच राहते आणि शेजारच्या झगझगीत पांढऱ्यापुढे ती डोळ्यांना काळी वाटते. म्हणजे पडद्यावरचा काळा रंग किती काळा असणार हे मुख्यतः खोली ठरवते. डोक्यावरची ट्यूबलाइट आणि उघडी खिडकी पडद्यावर जेवढा उजेड पाडतात, तेवढा तिथला काळा उजळतो. यंत्र बंद असताना पडदा जेवढा पांढरा दिसतो, त्याहून काळं काहीही त्या पडद्यावर उमटू शकत नाही, मग यंत्र कितीही महागाचं असो.

शाळेचा वर्ग, ग्रंथालयाचं सभागृह, गावातलं समाजमंदिर, सोसायटीचा हॉल: प्रोजेक्टर लागला की सगळीकडे त्याच तक्रारी ऐकू येतात. चित्र फिकट आहे, कडा तिरक्या आहेत, मागच्यांना वाचता येत नाही. दोष यंत्राला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा खोलीत किंवा मांडणीत असतो. म्हणून प्रोजेक्टर लावायला शिकायचं तर सुरुवात बटणांपासून न करता खोलीपासून करावी.

उजेडाचा हिशेब

प्रोजेक्टरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो लुमेनचा. यंत्रातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, याचं ते माप. तो प्रकाश पडद्याच्या प्रत्येक चौरस मीटरला किती वाट्याला येतो, याचं माप म्हणजे लक्स. तेवढंच तूप लहान भाकरीला लावलं तर दाट लागतं, मोठीला लावलं तर नुसता हात फिरवल्यासारखं. लुमेन आणि लक्स यांचं नातं तसंच आहे.

आकड्यांत पाहू. ३००० लुमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच चित्र पाडत असेल, तर क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर झालं आणि पडद्यावर पोचला १२०० लक्स प्रकाश. त्याच यंत्राने ४ मीटर रुंद चित्र पाडलं, तर उंचीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होतं आणि लक्स ३०० वर येतो. चित्र ‘फक्त दुप्पट’ मोठं केलं, पण उजळपणा पावपट उरला.

आता यात खोलीचा उजेड मिसळू. ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात पडद्यावर ३०० लक्स उजेड आधीच पडत असेल, तर २ मीटरच्या चित्रात पांढरा भाग १५०० लक्सचा आणि काळा भाग ३०० लक्सचा होतो. प्रमाण झालं ५ : १. पडद्याजवळच्या ट्यूब बंद केल्या आणि तो आगंतुक उजेड ३० लक्सवर आला, तर तेच प्रमाण ४१ : १ होतं. पैसा एक खर्च झाला नाही, बटण तेवढं दाबलं आणि चित्र आठपट खुललं. माहितीपत्रकातलं ‘१०,००० : १ कॉन्ट्रास्ट’ हे काळ्याकुट्ट खोलीत, प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. आपल्या वर्गात आपला कॉन्ट्रास्ट आपल्या ट्यूबलाइट ठरवतात.

५ : १ या प्रमाणात अक्षरं वाचता येतात. मारली जातात ती छायाचित्रं. पांढऱ्या पाटीवर (स्लाइडवर) काळ्या अक्षरांत लिहिलेले मुद्दे उजेडातही निभावून जातात, पण अजिंठ्याच्या लेण्यातलं एखादं भित्तिचित्र दाखवायचं असेल तर त्यातल्या गडद छटा सगळ्या एकाच करड्या रंगात बुडतात. म्हणून कार्यक्रमात काय दाखवायचं आहे हे आधी पाहावं आणि अंधार किती हवा ते त्यावरून ठरवावं.

पूर्ण अंधार करण्याची गरज क्वचितच असते. पडद्यावर थेट पडणारा उजेड तेवढा तोडायचा. पुढच्या रांगेतल्या ट्यूब बंद, मागच्या चालू, अशी सोय असेल तर मुलांना वहीत लिहिताही येतं आणि चित्रही नीट दिसतं. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून पुढच्या आणि मागच्या दिव्यांची बटणं वेगळी करून घ्यावीत. हा खर्च किरकोळ असतो आणि परिणाम मोठा. पडदा खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीवर नको, कारण बाहेरचा सगळा उजेड सरळ त्यावरच येऊन पडतो. खिडकीच्या भिंतीवरही नको, कारण मग बघणाऱ्यांचे डोळे दिपतात. खिडक्या बाजूला येतील अशी भिंत निवडावी आणि त्यांना जाड पडदे लावावेत. खिडक्या पश्चिमेला असतील तर दुपारी तीननंतरचा कार्यक्रम अवघड जाणार, हेही आधीच ओळखावं.

रात्रीच्या खेळांपासून उजेडातल्या वर्गापर्यंत

अंधाराशी असलेलं हे नातं जुनं आहे. काचेवर रंगवलेलं चित्र दिव्यासमोर धरायचं आणि भिंगातून मोठं करून भिंतीवर पाडायचं, ही युक्ती डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९च्या सुमारास यंत्रात उतरवली. पुढे तिला ‘मॅजिक लँटर्न’ म्हणू लागले. आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९०च्या दशकात हाताने रंगवलेल्या काचपट्ट्यांचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, आणि नंतर जत्रेजत्रेतून तंबूतले सिनेमे फिरू लागले. दिवा मंद होता तोवर खेळ रात्री किंवा बंद जागेतच होऊ शके.

शाळा-कॉलेजांत पुढे ओव्हरहेड प्रोजेक्टर आला. त्यातला दिवा प्रखर आणि पारदर्शक पट्टी मोठी, त्यामुळे दिवे न घालवता आणि मुलांकडे तोंड करून शिकवता येऊ लागलं. आजचा मल्टिमीडिया प्रोजेक्टर त्याची जागा घेणारा. महाराष्ट्रात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली आणि गावोगावच्या लोकवर्गणीतून वर्गात प्रोजेक्टर पोचले. यंत्र आलं, पण खिडक्यांचे पडदे बऱ्याच ठिकाणी आले नाहीत.

खोक्याच्या आत

प्रोजेक्टर चालवणाऱ्याला त्याच्या पोटात काय चालतं याची ढोबळ कल्पना असली, की निम्मे गोंधळ आपोआप टळतात. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत.

एलसीडी जातीत दिव्याचा पांढरा प्रकाश खास आरशांनी लाल, हिरवा आणि निळा असा फोडला जातो. प्रत्येक रंग नखाएवढ्या द्रव-स्फटिकाच्या एकेका पट्टीतून जातो. पट्टीवरचे लाखो सूक्ष्म चौकोन विजेच्या इशाऱ्यावर प्रकाश अडवतात किंवा सोडतात. नंतर तिन्ही रंग एका लोलकात पुन्हा एकत्र येऊन लेन्समधून बाहेर पडतात.

डीएलपी जातीत पट्टीऐवजी आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतले लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चिप बनवली. तिच्यावर प्रत्येक पिक्सेलसाठी केसाच्या जाडीहून लहान असा एक आरसा असतो. १०२४ × ७६८ पिक्सेलच्या चिपवर ७,८६,४३२ आरसे झाले. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा दोन्ही बाजूंना कलतो. एका बाजूला कलला की प्रकाश लेन्सकडे जातो, दुसऱ्या बाजूला कलला की आतल्या काळ्या सापळ्यात. कलण्याच्या वेळांतून राखाडी छटा तयार होतात. रंगांसाठी दिव्यासमोर रंगीत काचांचं चक्र गरगर फिरत असतं, म्हणजे लाल, हिरवं आणि निळं चित्र एकामागून एक इतक्या वेगाने पडतं की डोळा त्यांची बेरीज करतो. पहिले डीएलपी प्रोजेक्टर १९९६ साली बाजारात आले. पुढे याच तंत्राने सिनेमाघरांतली फिल्मची रिळं हटवली आणि २०१५ साली हॉर्नबेक यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं.

दोन्ही जातींत काळा म्हणजे अडवलेला किंवा वळवलेला प्रकाश, आणि थोडा प्रकाश झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत काळी पाटी दाखवली तरी पडद्यावर एक मंद करडा चौकोन दिसतो. तो बिघाड नव्हे. मोबाइलने पडद्याचा फोटो काढल्यावर रंगीत पट्टे येतात तोही बिघाड नव्हे. डीएलपीचं रंगचक्र कॅमेऱ्याने पकडलेलं असतं, इतकंच.

लुमेनच्या आकड्यातली एक मेख इथे सांगायला हवी. बऱ्याच डीएलपी यंत्रांच्या रंगचक्रात एक पारदर्शक तुकडा असतो. त्याने पांढरा भाग उजळतो, पण रंग तेवढे उजळत नाहीत. ‘ब्राइट’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये चित्र हिरवट आणि रंग मेलेले दिसतात, त्यामागे हा तुकडा आणि दिव्यातला जास्तीचा हिरवा प्रकाश अशी दोन्ही कारणं असतात. आकडेवारीची पाटी दाखवायला तो मोड ठीक. फोटो किंवा चित्रपट दाखवायचा असेल तर ‘सिनेमा’ मोड घ्यावा आणि उजेडाची तूट दिवे मालवून भरून काढावी.

खरेदी करताना ‘एएनएसआय लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहावं. या पद्धतींत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकातला प्रकाश मोजतात आणि सरासरी काढतात. नुसतं ‘९००० लुमेन’ असं छापलेले तळहाताएवढे स्वस्त प्रोजेक्टर ऑनलाइन मिळतात. तो आकडा पडद्यावर पोचणाऱ्या प्रकाशाचा असतोच असं नाही.

अंतर, उंची आणि सरळ रेषा

खोली ठरली की यंत्र कुठे ठेवायचं हा प्रश्न. त्याचं उत्तर माहितीपत्रकातल्या ‘थ्रो रेशो’ या आकड्यात असतं. पडद्यापासूनच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की तो मिळतो. थ्रो रेशो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी यंत्र ३ मीटरवर ठेवावं लागतं. १.५ ते १.८ असं लिहिलं असेल तर झूम फिरवून ३ ते ३.६ मीटरमध्ये कुठेही चालेल. शॉर्ट थ्रो यंत्रांत हा आकडा ०.५च्या आसपास असतो, म्हणजे तेच चित्र एका मीटरवरून पडतं. वर्गात याचा मोठा फायदा आहे. शिक्षकाची सावली फळ्यावर पडत नाही आणि प्रखर झोत त्याच्या किंवा मुलांच्या डोळ्यांत जात नाही.

यंत्राची लेन्स पडद्याच्या मध्यावर नेमकी यायला हवी, असा बहुतेकांचा समज असतो. आडव्या दिशेने तो बरोबर आहे, उभ्या दिशेने नाही. टेबलावर ठेवायच्या बहुतेक यंत्रांतून चित्र मुद्दामच वर फेकलेलं असतं. लेन्स साधारण चित्राच्या खालच्या कडेच्या पातळीत आली आणि यंत्र सपाट ठेवलं, की चित्र काटकोनात पडतं. छताला उलटं टांगलं तर हाच हिशेब उलटा होऊन लेन्स चित्राच्या वरच्या कडेला येते. मेन्यूत ‘सीलिंग’ निवडलं की उलटं चित्र सुलटं होतं.

टेबल बुटकं असलं की मंडळी पुढचा पाय लांब करतात, नाहीतर खाली दोन वह्या सारतात. यंत्र वर कललं की चित्राच्या वरच्या भागापर्यंत प्रकाशाला जास्त लांब जावं लागतं, तो जास्त पसरतो, आणि चौकोनाचा समलंब चौकोन होतो: वर रुंद, खाली अरुंद. मग कोणीतरी ‘कीस्टोन’चं बटण दाबतं आणि कडा सरळ होतात. पण लेन्सला हे काही करता येत नसतं. यंत्र चित्रच आतल्या आत वरून आक्रसतं, म्हणजे पिक्सेल सोडून देतं. बारीक अक्षरं त्यामुळे दातेरी दिसतात. सोडून दिलेल्या पिक्सेलमधूनही तो झिरपणारा प्रकाश येतच राहतो, म्हणून अंधारात चित्राच्या दोन्ही बाजूंना करडी पाचर दिसते. थोडं कीस्टोन चालतं. जास्त लागत असेल तर स्टूल आणावं आणि यंत्रच उचलावं. काही महागड्या यंत्रांत लेन्स जागच्या जागी वर-खाली सरकवण्याची सोय असते. तिने चित्र सरकतं आणि पिक्सेलही वाया जात नाहीत.

मांडणीचा क्रम असा ठेवावा. यंत्र पडद्याला समोरासमोर आणि सपाट ठेवायचं. झूमने आकार जुळवायचा. मगच फोकस करायचा, कारण झूम फिरवला की फोकस हलतो. फोकससाठी चार कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक अक्षरं असलेली पाटी लावावी. मधलं स्पष्ट आणि एका बाजूचं धूसर असेल तर यंत्र तिरकं आहे. आतली हवा तापली की फोकस किंचित सरकतो, म्हणून यंत्र काही मिनिटं चालल्यावर पुन्हा एकदा पाहावं.

पडदा आणि शेवटची रांग

पडद्यासाठी पांढरा, चमक नसलेला पृष्ठभाग उत्तम. मॅट पांढरा रंग दिलेली गुळगुळीत भिंत वर्गासाठी पुरते. ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर किंवा व्हाइटबोर्डवर मध्येच दिव्याचा झगझगीत डाग दिसतो. चादर ताणून लावता येते, पण पातळ कापडातून बराच प्रकाश आरपार जातो आणि पंख्याच्या वाऱ्याने चित्र डुलतं.

पडद्याची उंची प्रेक्षक कसे बसणार यावर ठरवावी. खुर्च्या असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून साधारण चार फूट वर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी मध्ये येतात. लोक सतरंजीवर बसणार असतील तर पडदा खाली घ्यावा. तो तसाच उंच ठेवला तर पुढच्या रांगेच्या माना अवघडतात.

मागच्या रांगेला अक्षर वाचता येईल का, हे घरी बसूनही तपासता येतं. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरावर असेल, तर आपणही लॅपटॉपच्या पडद्याच्या उंचीच्या सहापट मागे जाऊन उभं राहायचं. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण १९ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे जवळपास चार फूट मागे. तिथून वाचता आलं तर मागच्या रांगेलाही वाचता येईल, कारण डोळ्याशी होणारा कोन सारखाच असतो. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. एका पाटीवर सहा-सात ओळींपेक्षा जास्त मजकूर कोंबू नये.

मराठी मजकुराचा आणखी एक खोडा असतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं सादरीकरण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं आणि तिथे तो फाँट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. युनिकोडमध्ये टाइप केलं तर मजकूर मराठीच राहतो, पण फाँट बदलला की ओळी सरकतात. दोन्हींवर एकच सोपा उपाय: मूळ फाइलसोबत पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर ठेवायची. पीडीएफमध्ये फाँट बरोबरच जातो.

वायर, आवाज आणि ‘नो सिग्नल’

लॅपटॉप जोडायला आज मुख्यतः एचडीएमआय वापरतात. चित्र आणि आवाज एकाच वायरने जातात. जुन्या यंत्रांत पंधरा पिनांचं निळं व्हीजीए असतं. १९८७ सालापासून चालत आलेल्या या जोडणीत आवाज जात नाही, त्याची वायर वेगळी लावावी लागते. तिच्या पिना जोर लावला की वाकतात. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि तो घेताना दिशा बघून घ्यावा. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलट दिशेने चालत नाही. लांब एचडीएमआय वायरही जपून घ्यावी. १०-१५ मीटरच्या पुढे साध्या वायरीत चित्र चमकायला किंवा गायब व्हायला लागतं.

वायर लावूनही ‘नो सिग्नल’ दिसलं तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रोजेक्टरवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ योग्य निवडलं आहे का? लॅपटॉप चित्र बाहेर पाठवतो आहे का? विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवून ‘पी’ दाबलं की चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र. ‘एक्स्टेंड’ म्हणजे पडदा हा लॅपटॉपचा पुढचा भाग, यात वक्त्याला स्वतःच्या टिपणी दिसतात आणि लोकांना फक्त पाट्या. पहिल्यांदाच करणाऱ्याने ‘डुप्लिकेट’ घ्यावं.

चित्र येतं पण हॉलचे स्पीकर गप्प, असंही होतं. एचडीएमआय जोडताच लॅपटॉप आपला आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि प्रोजेक्टरच्या पोटातला काही वॉटचा स्पीकर हॉलला पुरत नाही. लॅपटॉपच्या आवाजाच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून काढायचा ते बदलावं लागतं. चित्रपटाच्या ॲपमधून मोबाइल वायरलेस जोडला की कधीकधी आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. नक्कल रोखण्यासाठी त्या ॲपनेच चित्र अडवलेलं असतं, म्हणून पुन्हा पुन्हा जोडून उपयोग नाही. आणि कार्यक्रमापूर्वी व्हॉट्सॲपच्या सूचना बंद कराव्यात, नाहीतर घरून आलेला किराण्याचा निरोप सगळं सभागृह वाचतं.

दिवा जपायचा कसा

जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमधला दिवा हा पाऱ्याच्या वाफेचा असतो. चालू असताना त्यातला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. त्यामुळे मधेच वीज गेली आणि लगेच आली, तर तापलेला दिवा पुन्हा पेटत नाही. आतला दाब इतका असतो की ठिणगीच पडत नाही. लोक घाबरून बटणं दाबत राहतात. काही मिनिटं थांबायचं, दिवा निवला की तो पुन्हा पेट घेतो. वीज जाताच पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच कोंडते, म्हणून भारनियमनाच्या भागात यंत्र यूपीएसवर ठेवणं शहाणपणाचं. कार्यक्रम संपल्यावर यंत्र रिमोटने बंद करावं, पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये आणि गरम यंत्र बॅगेत भरू नये.

बोलताना मध्येच चित्र नको असेल तर लेन्ससमोर पुस्तक धरू नये. तिथली उष्णता लेन्सकडे परतते. रिमोटवर ‘ब्लँक’ किंवा ‘म्यूट’चं बटण असतं, आणि पॉवरपॉइंटमध्ये कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं तरी पडदा काळा होतो.

दिव्याचं आयुष्य साधारण २००० ते ४००० तास सांगतात. दिवा निम्म्या प्रकाशावर येईपर्यंतचे हे तास असतात, तो अचानक विझण्याचे नव्हेत. म्हणजे ३००० लुमेनचं यंत्र शेवटी शेवटी १५०० लुमेनवर चाललेलं असतं आणि ‘पूर्वीसारखं दिसत नाही’ ही तक्रार खरी असते. ‘इको’ मोडमध्ये प्रकाश कमी पण आयुष्य जास्त. खोली नीट अंधारली असेल तर इको पुरतो. बदललेल्या दिव्याच्या काचेला बोटं लावू नयेत आणि मेन्यूतला तासांचा आकडा शून्यावर आणावा. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून खोली मोकळी करावी, कारण आत पारा असतो. नव्या लेझर आणि एलईडी यंत्रांत हा त्रास नाही. त्यांचा प्रकाशस्रोत साधारण २०,००० तास टिकतो, ती चटकन सुरू होतात, पण किंमत जास्त.

धूळ हा उरलेला शत्रू. एलसीडी यंत्राच्या बाजूला हवेची जाळी असते. खडू वापरणाऱ्या वर्गात ती दर महिन्याला झटकावी. जाळी तुंबली की यंत्र तापून आपणहून बंद पडतं. कोकणात पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून बंद कपाटात महिनोन्‌महिने न ठेवता यंत्र अधूनमधून चालवावं आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पंखा विनाकारण घोंघावत असेल तर मेन्यूत ‘हाय अल्टिट्यूड’ चालू राहिलं आहे का पाहावं. ती सोय साधारण १५०० मीटरहून उंच जागांसाठी असते. लेहला ती लागते. महाबळेश्वरही साधारण १३५० मीटरवरच आहे.

घेण्यापूर्वी

शाळा किंवा मंडळ वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतं तेव्हा सगळा पैसा यंत्राच्या लुमेनवर घालण्याकडे कल असतो. वरच्या हिशेबात दिसलं तेच इथे लागू होतं. ३००० ऐवजी ४००० लुमेनचं यंत्र घेतलं, तर उजेडातल्या वर्गातलं ५ : १ हे प्रमाण फार तर ६.३ : १ होतं. तेवढ्याच फरकाच्या पैशांत खिडक्यांचे जाड पडदे, पुढच्या ट्यूबचं वेगळं बटण आणि एक पक्का स्टँड येतो, आणि प्रमाण चाळिशीत जातं. म्हणून अंदाजपत्रकात पहिली ओळ खोलीची आणि दुसरी यंत्राची असावी.

दुकानात यंत्र नेहमी अंधाऱ्या कोपऱ्यात लावून दाखवतात, तिथे सगळीच चांगली दिसतात. शक्य असेल तर विक्रेत्याला यंत्र आपल्या जागी आणायला सांगावं किंवा भाड्याने एक दिवस आणावं. ज्या खोलीत ते चालणार आहे तिथे, ज्या वेळी ते चालणार आहे त्या वेळी, आपल्याच लॅपटॉपवरची मराठी पाटी लावावी, आणि खरेदी समितीने शेवटच्या रांगेत जाऊन बसावं.